उजव्या अंगाची शिंक

मिकियोनला लोक दुरून ओळखायचे आणि ओळख पटली की आणखी थोडे दूर व्हायचे. तो लोकरी कापड धुण्याचं काम करायचा. थारिसाच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्याचे दगडी हौद होते. त्यांत शिळं मूत आणि पांढरी माती कालवून तो दिवसभर पायांनी झगे तुडवायचा, मग खळखळून धुवायचा आणि वेताच्या पिंजऱ्यावर पसरून खालून गंधकाची धुरी द्यायचा. कापड दुधासारखं निघायचं. त्याच्या अंगाचा वास मात्र कशानेच जात नसे आणि नाक तर बारा महिने वाहतच असे. धुरीच्या दिवशी तो इतका शिंकायचा की शेजारी दोरखंड वळणारा ब्राखास मान न उचलता म्हणायचा, "झ्यूस आज मिक्याशी फार बोलतोय. बाकीच्यांनी उद्या या."

ती नुसती थट्टा होती. उजव्या अंगाने आलेली शिंक म्हणजे देवाने भरलेला होकार, हे थारिसात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मिकियोनच्या शिंकेला कोण विचारतो? भुंकण्याच्या सवयीचा कुत्रा भुंकला म्हणून कुणी चोर शोधायला उठत नाही.

स्वभावाने तो भिडस्त. दोन माणसं भांडायला लागली की त्याला दोघांचंही पटायचं. म्हणून गावाच्या सभेला तो सहसा जात नसे. त्या दिवशी गेला तो बायकोने ढकललं म्हणून. टेकडीवरच्या बड्या घराण्यांनी वरच्या झऱ्याचं पाणी आपल्या बागांकडे वळवलं होतं आणि बंदरावरच्या बायका मचूळ विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. फिलिन्ना म्हणाली, "पाण्यावाचून कापड काय थुंकीनं धुणार आहात? जा, सगळे हात वर करतील तेव्हा तुम्हीही करा आणि या. बोलू मात्र काही नका."

"मी कशाला बोलतोय," मिकियोन म्हणाला आणि गेला.

चौकात मुंगीला वाट नव्हती. पण मिकियोनला जागेची अडचण कधीच पडली नाही. तो ज्या बाजूला सरके तिथली माणसं नाकाला पदर लावून बाजूला होत. असा सरकत सरकत तो थेट बोलणाऱ्याच्या ओट्यापाशी, अगदी उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. ओट्यावर दामोतिमोस बोलत होता. हा माणूस टेकडीवरच्याच घराण्यातला, पण भावांशी बिनसल्यावर बंदरावर उतरून मासेवाल्यांच्या कट्ट्यावर बसू लागला होता. दिसायला काही खास नव्हता; मात्र एकदा ऐकलेलं नाव विसरत नसे आणि कोळ्याच्या आजारी सासूचीही नावानिशी चौकशी करत असे.

"झरा गडाच्या आत आहे," दामोतिमोस म्हणत होता. "गडाचा दरवाजा त्यांच्या हातात आहे तोवर पाणीही त्यांच्याच हातात राहणार. तो दरवाजा माझ्या हवाली करा. हंगाम संपेपर्यंत. पाणी खाली आणतो आणि किल्ल्या तुमच्या पायाशी ठेवतो. द्याल?"

चौक गप्प झाला. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. गडाचा दरवाजा एका माणसाला द्यायचा म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं. आणि त्या गप्पपणात मिकियोन शिंकला.

साधीसुधी शिंक नव्हती ती. सकाळीच धुरीचं काम करून तो आला होता आणि बराच वेळ त्याने ती दाबून धरली होती. आवाज समोरच्या देवळाच्या खांबांवर आपटून परत आला.

ओट्याच्या पायरीवर शकुन सांगणारा तेलेनिकोस बसला होता. तो उठला, दोन्ही हात आभाळाकडे केले आणि शांतपणे म्हणाला, "उजवीकडून."

एवढंच. पण तेवढ्याने वाळवी लागलेल्या भिंतीला धक्का बसावा तसा सगळा चौक कोसळला. बंदरवाल्यांनी एकच गजर केला, हात वर झाले, म्हाताऱ्यांचेही झाले. गडबडीत मिकियोनने हात वर केला की नाही, ते त्याचं त्याला पुढे कधीच आठवलं नाही. त्याला आठवत होतं ते एवढंच की ज्या माणसांनी मघाशी नाकाला पदर लावला होता त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी त्याला उतरवलं तेव्हा फिलिन्ना दारातच उभी होती.

"काय बोललात?" तिने विचारलं.

"काहीच नाही. शिंकलो."

"मग एवढी मिरवणूक कशाची?"

"तेच मला कळत नाहीये," मिकियोन म्हणाला.

* * *

पाणी खाली आलं, हे खोटं नाही. दामोतिमोसने गडातून दगडी पाट काढला आणि बंदरापाशी सिंहाच्या तोंडाचं कारंजं बांधलं. फिलिन्नाने पहिला घडा भरला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टेकडीवरची तीन-चार घराणी रागारागाने गाव सोडून गेली आणि त्यांच्या द्राक्षांच्या जमिनी बंदरवाल्यांत वाटल्या गेल्या. ब्राखासलाही एक पट्टा मिळाला. तो मिकियोनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मिक्या, तुझ्या नाकातून द्राक्षं पडली रे. आणखी एकदा शिंक, मला गाढव पाहिजे."

हंगाम संपला. किल्ल्या काही चौकात आल्या नाहीत. पाटाची डागडुजी चालू आहे, असं कुणीतरी म्हणालं. मग हिवाळा आला आणि हिवाळ्यात कोण सभा घेतो?

एके दिवशी गडावरून मिकियोनला बोलावणं आलं. फिलिन्नाने त्याला गरम पाण्याने घासघासून काढलं, तेल लावलं. दामोतिमोसने त्याला आपल्या उजव्या हाताला चौरंगावर बसवलं, आपल्या ताटातला तुन्नी माशाचा तुकडा दिला आणि म्हणाला, "देवाने ज्या नाकाने होकार दिला ते नाक मुताच्या हौदावर वाकलेलं मला बघवत नाही. आजपासून तू काम करायचं नाहीस. मी बोलतो तिथे माझ्या उजवीकडे बसायचंस."

"पण मालक, मी दुसरं काय करू?"

"काही करू नकोस. देवाला करू दे."

मिकियोन घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. हौदाचं काम फिलिन्नाने हाताखाली एक बाई घेऊन चालवलं. त्याला धुरीच्या जवळ फिरकायचीही मनाई होती. बघता बघता त्याचं नाक सुकलं. आयुष्यात प्रथमच त्याला भाजलेल्या जवाचा वास आला, समुद्राचा आला, बायकोच्या केसांचा आला. आणि शिंक कायमची गेली.

गडावर तो चौरंगावर बसे, दामोतिमोस काही ठरवण्याआधी बोलता बोलता थांबे, आणि सगळ्यांचे डोळे मिकियोनच्या नाकावर खिळत. काही होत नसे. दामोतिमोस हसत असे, पण दर खेपेला थोडं कमी.

मग तेलेनिकोस त्याच्या घरी आला. अंजीर खात बसला, पाटाच्या पाण्याची तारीफ केली आणि जाताना एक चिंधीची पुडी काढून ओट्यावर ठेवली. डोंगरात उगवणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या मुळाची भुकटी होती ती. चिमूटभर नाकाशी नेली की माणूस शिंकलाच पाहिजे.

"हे खोटं होईल," मिकियोन म्हणाला.

"खोटं का?" तेलेनिकोस खरोखरच विचारात पडल्यासारखा म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या नाकात गंधक होतं. देवाने गंधक वापरलं. आज हे मूळ वापरेल. देवाला शिंकायला स्वतःचं नाक नाही, मिकियोन. त्याला कुणाचं तरी लागतं, आणि त्या नाकाला काहीतरी कारण लागतं."

"पण पुडी मी उघडणार. मनात आलं तर उघडीन, नाहीतर नाही."

"आणि ते मनात कोण आणतं?"

याचं उत्तर फिलिन्नाने पाहुणा गेल्यावर दिलं. "बुवा गोड बोलतो. पण पुडी त्याच्या नाकाजवळ नाही ठेवली त्याने, तुमच्या ठेवली."

वसंतात दामोतिमोसने उत्तरेला लाकडासाठी गलबतं पाठवायची ठरवली. मिकियोनने चिमटीतली भुकटी नाकाशी नेली आणि तो शिंकला. गलबतं भरून आली. गावाने बैल कापला आणि मिकियोनच्या दाराला हार घातला. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाशी चराऊ रानावरून लढाईला जायचं ठरलं. मिकियोन पुन्हा शिंकला. त्या लढाईत खारकट दलदलीत अडकून पुष्कळ माणसं मेली, ब्राखासचा मेहुणाही मेला. मिकियोन तोंड लपवत ब्राखासकडे गेला. वाटलं, आता हा दगड मारणार. ब्राखास दोर वळत होता. तो म्हणाला, "तुझा दोष नाही रे. तेलेनिकोस म्हणाला, देवाने जायला होकार दिला होता, जिंकायला नाही."

मिकियोनला आधी बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत मात्र बरं वाटेनासं झालं. दोष नाही तर मग हारही त्याचा नव्हता. आणि हार त्याचा असेल तर दलदलही त्याचीच. हे दोन्ही एकदम कसं धरायचं ते त्याला समजेना. पहिली शिंक तर त्याने पुडी न उघडता दिली होती. ती कुणाची होती? देवाची म्हणावी, तर रोज हौदावर येणाऱ्या शंभर शिंका कुणाच्या? आणि गंधकाची म्हणावी, तर तीच त्या गप्पपणात, त्याच क्षणी कशी आली?

* * *

शेवटी तो हर्मीस देवाला विचारायला गेला. डोंगरापलीकडच्या गावच्या बाजारात हर्मीसचं दाढीवालं तोंड कोरलेला दगड आहे. संध्याकाळी त्याच्यापुढे दिवा लावायचा, त्याच्या कानात आपला प्रश्न सांगायचा, मग स्वतःचे कान हातांनी घट्ट झाकून बाजाराच्या बाहेर चालत यायचं. वेशीबाहेर हात काढले की कानावर जे पहिले शब्द पडतील ते देवाचं उत्तर.

मिकियोनने दगडाच्या कानात विचारलं, "ती शिंक तुम्हा देवांपैकी कुणाची होती, की माझी?" आणि कान दाबून, ठेचकाळत वेशीबाहेर आला. हात काढले. समोर दोन बाया कुंपणाशी भांडत होत्या.

एक म्हणत होती, "तुझ्या अंगणात अंडं घातलं म्हणून कोंबडी तुझी होते काय गं?"

आणि त्याच दमात दुसरी, "कोंबडी कुणाचीही असू दे. अंगण उकरलंय ते झाडायचं कुणी?"

तो घरी आला आणि त्याने फिलिन्नाला सांगितलं. ती मसुरीचं कढण ढवळत होती. म्हणाली, "पहिलंच धरायचं असतं. कोंबडी तुमची नाही. सुटलात."

"पण दोघी एकदमच बोलत होत्या."

"कुणाचं आधी सुरू झालं?"

"माझे हात कानांवरून पुरते निघाले नव्हते, कळलं नाही."

फिलिन्नाने कढणाचं वाडगं त्याच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "देवाकडे जाऊन माणूस सरळ होऊन येतो. तुम्ही आणखी पीळ पडून आलात. जेवून घ्या."

गावही पीळ पडल्यासारखंच झालं होतं. गडाभोवती आता दामोतिमोसचे परगावचे भालेकरी होते. कारंज्यावर पाणी येई, पण कारंज्यावर काय बोलणं झालं तेही वर जाई. आधी टेकडीवरची उरलीसुरली माणसं नाहीशी झाली. तेव्हा बंदराला फारसं दुःख झालं नाही. मग मासेवाल्यांच्या कट्ट्यावरचे दोघे नाहीसे झाले. दामोतिमोसला अजूनही सगळ्यांची नावं पाठ होती. पूर्वी त्याने नावानं हाक मारली की माणूस फुलायचा. आता पांढरा पडायचा. ब्राखास तेवढा अजून मोठ्याने बोलायचा. "टेकडीवाल्यांनी पाणी अडवलं, यानं श्वास अडवलाय," असं तो एकदा भर गल्लीत म्हणाला आणि मिकियोन घाईने घरात शिरला. आपण ऐकलंच नाही, असं वाटावं म्हणून.

आणि मग एका सकाळी गडाच्या मागच्या तटावरून खाली लोंबणारा दोर सापडला. कुणीतरी चढलं होतं किंवा चढणार होतं. दोर ब्राखासच्या हातचा होता. तो तिपेडी दोर उलट्या पिळाचा वळायचा, बंदरावर दुसरं कुणी तसं वळत नसे. ब्राखास म्हणाला, "दोर माझाच. मी अर्ध्या गावाला विकतो. शेळीला बांधतात, विहिरीला लावतात. कुणी कशाला लावला ते दोराला विचारा." त्याला बांधून नेलं, तेही त्याच्याच दोराने.

दामोतिमोसने ठरवलं की निवाडा चौकात, सगळ्यांसमोर करायचा. देवालाच विचारायचं.

निघताना फिलिन्नाने मिकियोनच्या कमरेची पुडी काढली आणि चुलीत टाकली. तिने त्याच्या खांद्यावरचा झगा सारखा केला आणि म्हणाली, "आज तुमच्या नाकातून काही येता कामा नये. जीव गेला तरी. त्याला होकार नाही मिळाला तर तो पुढे ढकलेल, पुढे ढकललं की माणूस जगतो."

"आणि मला विचारलं पुडी कुठे, तर?"

"तर म्हणा, बायकोने जाळली. ते तरी खरं आहे."

चौकात पुन्हा मुंगीला वाट नव्हती, पण गजर नव्हता. ब्राखास ओट्याखाली गुडघ्यांवर होता. मिकियोन चौरंगावर, उजवीकडे. त्याने ओठ घट्ट मिटले, श्वास धरला आणि समोरच्या खांबावर नजर लावली. जैतुनांना मोहोर आला होता. वाऱ्यावर त्याचा पिवळा धुरळा चौकभर उतरत होता.

दामोतिमोस उभा राहिला. त्याचा आवाज थकलेला होता. गेल्या काही दिवसांत तो झोपलाच नसावा. "हे झ्यूस," तो म्हणाला, "हा ब्राखास. याला मारावं", आणि सवयीने तो थांबला. मग म्हणाला, "की गलबतावर घालून हाकलून द्यावं?"

त्या थांबण्याच्या शेवटाला, 'की' या अक्षराच्या अलीकडे किंवा पलीकडे किंवा नेमकी त्याच्यावरच, मिकियोन शिंकला.

त्याने ती अडवली होती. दातांनी, जिभेने, पोटाच्या स्नायूंनी अडवली होती. तरी आली, तीन वर्षांत आली नव्हती तशी, जुन्या हौदावरची, डोळ्यांतून पाणी काढणारी.

मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. ती वाढत गेली. 'मारावं'वर आली, असं भालेकऱ्यांचा म्होरक्या म्हणाला. छे, 'हाकलावं'वर आली, मागून एक बाई म्हणाली. दोन म्हाताऱ्यांचं त्यावरून तिथल्या तिथे जुंपलं. दामोतिमोसने तेलेनिकोसकडे पाहिलं. तेलेनिकोसचे हात अर्धे वर गेले होते आणि तसेच राहिले होते.

"सांग," दामोतिमोस म्हणाला.

"मी," तेलेनिकोस म्हणाला आणि थांबला. त्याने मिकियोनच्या बोटांकडे पाहिलं. बोटं मांडीखाली दाबलेली होती. पुडी कुठेच नव्हती. तेलेनिकोसच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं; मिकियोनला वाटलं, हा माणूस घाबरलाय. "मला ऐकू आलं नाही नीट. ज्याच्यातून आली त्याला ठाऊक असेल."

दामोतिमोस मिकियोनकडे वळला. "कशावर आली? पहिल्यावर की दुसऱ्यावर?"

मिकियोनला खरंच ठाऊक नव्हतं. शिंकताना माणसाला काय ऐकू येतं? कान बंद होतात, डोळे मिटतात, त्या क्षणापुरता माणूस कुठेच नसतो. त्याने ब्राखासकडे पाहिलं. ब्राखास त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर बंदराकडे होती.

"दुसऱ्यावर," मिकियोन म्हणाला.

"नक्की?"

"दुसऱ्यावर, मालक."

दामोतिमोस जुलमी होता, पण देवाला भीत होता; त्याचं सगळं राज्य मिकियोनच्या नाकावर उभं होतं, ते खोटं म्हणायची त्याला सोय नव्हती. त्याने हात हलवला. ब्राखासला त्याच दुपारी एका फिनिशियन व्यापाऱ्याच्या गलबतावर चढवलं.

परतताना तेलेनिकोस चौकाच्या कोपऱ्यावर मिकियोनला गाठून हळूच म्हणाला, "खरंच दुसऱ्यावर?"

"मला नाही माहीत."

"पण पुडी नव्हती."

"नव्हती."

"मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की देव बोलतो," तेलेनिकोस म्हणाला. "कधी प्रत्यक्ष बोललाच तर काय करायचं, याचा विचार केला नव्हता." आणि तो गेला. त्या आठवड्यात त्याने गावही सोडलं. कुणी म्हणालं पळाला, कुणी म्हणालं डेल्फीच्या देवळात कौल घ्यायला गेला.

* * *

दोन हिवाळे गेल्यावर ब्राखास परत आला, एकटा नाही, गाव सोडून गेलेल्या टेकडीवाल्यांची गलबतं घेऊन. ज्यांच्या जमिनीवर त्याने द्राक्षं पिकवली होती त्यांच्याच खांद्याला खांदा लावून. पहाटे बंदर पेटलं, दुपारपर्यंत परगावचे भालेकरी आपापलं सामान उचलून निघाले होते. दामोतिमोसचं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. मच्छीमाराच्या होडीतून तो निसटला असं एकजण सांगे. पाटाच्या भुयारात बुडाला असं दुसरा सांगे. आणि दोघेही डोळ्यांनी पाहिल्याची शपथ घेत.

मग चौकात मिकियोनला उभं केलं. टेकडीवाले म्हणाले, याच्या नाकाने हा जुलूम गावावर आणला, याला दगडांनी मारा. बंदरवाले म्हणाले, याच्याच नाकाने ब्राखास वाचला आणि जुलूम गेला, याला हार घाला. दोन्ही बाजूंनी माणसं आपापल्या हातात काहीतरी घेऊन उभी होती. मिकियोनला नेहमीप्रमाणे दोघांचंही पटत होतं.

"तुला काही म्हणायचंय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मला एवढंच म्हणायचंय," मिकियोन म्हणाला, "की पहिली मी काढली नव्हती. मधल्या दोन मी काढल्या. शेवटची मी काढली नव्हती, पण कशावर आली ते मी ठरवलं. यातलं माझं किती ते तुम्ही ठरवा, मला जमलं नाही."

शेवटी ब्राखास पुढे आला. परदेशात त्याची दाढी पांढरी झाली होती, पण जीभ होती तशीच होती. "अहो, एका शिंकेला गडाचा दरवाजा देणारे हात आपले होते," तो म्हणाला. "माझाही होता, मला तर जमीनही मिळाली. नाकाला दगड मारायचे तर आधी हातांचं काय करायचं ते सांगा. याला घरी जाऊ द्या. फक्त सभेला येऊ नकोस रे बाबा, मिक्या. तेवढी मेहरबानी कर."

लोक हसले, आणि हसलेल्या माणसांना दगड मारता येत नाहीत. ठराव झाला: मिकियोनने यापुढे सभेच्या चौकात पाऊल टाकायचं नाही.

दोघे मिळून गल्लीत आले. ब्राखासच्या दुकानाचं छप्पर जळालं होतं. मिकियोनने त्याला तुळई धरायला हात दिला आणि बऱ्याच वेळाने धीर करून विचारलं, "तुला आठवतं? कशावर आली होती? 'मारावं'वर की 'हाकलावं'वर?"

"मला शिंक ऐकूच आली नाही," ब्राखास म्हणाला. "कानात नुसता समुद्र वाजत होता. तू दुसऱ्यावर म्हणालास ते ऐकलं."

"आणि तो दोर? तू लावला होतास?"

ब्राखासने तुळई खांबावर टेकवली आणि हात झटकले. "ज्या दिवशी तुला तुझं नक्की कळेल, त्या दिवशी मला विचार."

मिकियोन पुन्हा हौदात उतरला. सुरुवातीला टेकडीवाले त्याच्याकडे कापड पाठवत नव्हते, मग पाठवू लागले, कारण तेवढं पांढरं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. गंधकाच्या धुरीने त्याचं नाक पुन्हा वाहू लागलं, समुद्राचा वास पुन्हा गेला. तो पूर्वीपेक्षा कमी बोलायचा. कधी तुडवता तुडवता मध्येच थांबायचा आणि ओठ हलवत काहीतरी मोजल्यासारखं करायचा, फिलिन्ना म्हणायची, "पाय चालू द्या, डोकं आपोआप थांबेल." ते काही थांबत नसे.

सभेच्या दिवशी गल्ली रिकामी व्हायची. अशाच एका दुपारी दोघं मिळून ओल्या झग्याला पीळ देत होते, एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. चौकाकडून अचानक मोठा गलका आला. खूप माणसं एकदम ओरडत होती, आनंदाने की रागाने ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

मिकियोन टोक धरून तसाच उभा राहिला. "कशाला हो म्हणाले असतील?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक," फिलिन्ना म्हणाली. "नाहीही म्हणाले असतील. ओढा, कापड वाळायला हवं."